लॉत नदीच्या पायऱ्या : काओरच्या परिसरात बोटीतले सहा दिवस

पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षे काढलेला माणूस कुठलीही नदी दिसली की आधी तिच्यावरचा बंधारा शोधतो. निवृत्तीनंतरही ही खोड जात नाही, हे यंदा मेअखेरीस फ्रान्समध्ये कळले. मुलगी आणि जावई तुलूझला असतात. मागच्या खेपेला आम्ही दोघे रीतसर पॅरिस पाहून आलो होतो. या वेळी जावयाने विमानतळावरून घरी नेतानाच सांगून टाकले, "बाबा, तुमच्यासाठी नदी शोधून ठेवली आहे. सहा दिवस बोटीत राहायचे, बोट आपणच चालवायची आणि लॉकचे दरवाजेही आपणच उघडायचे." (लॉक म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी, दोन्ही टोकांना दारे असलेली पेटी.) सौ.ने लगेच विचारले, "अहो, पण बोटीत गॅस आहे ना?" गॅस होता. शेगड्या दोन होत्या, फ्रिज होता, झोपायला दोन खोल्या होत्या. तिचा प्रश्न तिथेच मिटला.

नदीचे नाव लॉत. फ्रेंच शब्दांत शेवटचे व्यंजन बहुधा गळते, पण या नदीच्या नावातला त इथले लोक ठणठणीत उच्चारतात. दक्षिण फ्रान्समधल्या लोझेरच्या डोंगरात ती उगम पावते, सुमारे ४८० किलोमीटर पश्चिमेकडे वळणावळणाने वाहते आणि गारोन नदीला मिळते. गारोन पुढे बोर्दोवरून समुद्राला जाते. वळणे इतकी, की नकाशावर ती एखाद्याने रिकाम्या वेळात गिरगटल्यासारखी दिसते.

सोमवार : लुझेश आणि दुएल

बोट दुएल गावातून मिळणार होती, ती दुपारी तीननंतर. म्हणून सकाळी मोटारीने थोडे पुढे, लुझेशला गेलो. येथे नदी गावाला जवळजवळ पूर्ण प्रदक्षिणा घालते आणि निघालेल्या जागेपासून काही शे पावलांवर परत येते. एकोणिसाव्या शतकात या चिंचोळ्या मानेतून कालवा खणून नावाड्यांचा हा सगळा फेरा वाचवला होता. आज तो कालवा बुजवलेला आहे. त्याच्यावर चौक झाला असून लोक तिथे गाड्या लावतात. चौकाचे नाव मात्र अजून 'कालवा' असेच आहे. जवळच वीजनिर्मितीचे धरण आहे आणि त्याला लॉक नाही. त्यामुळे वरच्या अंगाच्या काओर शहराच्या बाजूने येणाऱ्या बोटींची हद्द येथेच संपते. नदीच्या खालच्या अंगाला, गारोनच्या दिशेने, बोटींसाठी खुला केलेला दुसरा टप्पा आहे. दोन्ही टप्पे एकमेकांना जोडलेले नाहीत.

हे धरण पाहताना मला या नदीचा इतिहास नीट समजला. मालवाहतुकीसाठी ती सुधारण्याचे प्रयत्न सतराव्या शतकात, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या काळात सुरू झाले. पण एकामागून एक बंधारे आणि प्रत्येक बंधाऱ्याला लॉक, अशी सलग साखळी उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकात. वरच्या अंगाच्या दकाझव्हिल गावचा कोळसा आणि काओरची काळपट लाल वाइन खाली बोर्दोकडे जाई. वर येताना त्याच सपाट बुडाच्या नावा मीठ आणि सुकवलेला मासा आणीत. एवढा खर्च करून काम पुरे होते न होते तोच रेल्वे आली. काओरला पहिली गाडी १८६९ साली लागली. त्यानंतर नदीवरची वाहतूक आटत गेली आणि १९२६ साली सरकारने लॉत नदीचे नाव नौकानयनयोग्य जलमार्गांच्या यादीतून काढून टाकले. दरवाजे कुजले, लॉकमध्ये गाळ भरला. पुढे चौसष्ट वर्षांनी, १९९० साली, दुरुस्त केलेले लॉक पुन्हा उघडले. ते कोळशासाठी नव्हते, आमच्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी होते. खात्यात असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर लाभक्षेत्र किती हेक्टर, असा शेरा मारून मी तो परत पाठवला असता.

दुएल हे जुने नावाड्यांचे गाव आहे. पिंपाच्या फळीला फ्रेंचमध्ये 'दुएल' म्हणतात. पिंपे करणारे आणि ती वाहून नेणारे दोघेही इथे राहत. घाटाच्या लांबलचक भिंतीवर शामिझो या चित्रकाराने काढलेले भडक रंगांचे भित्तिचित्र आहे. सौ.च्या मते ते फार मोठे आहे. माझ्या मते त्यामुळे काँक्रीटची भिंत झाकली गेली, हे चांगले झाले.

बोट देणाऱ्या मुलीने तासभर सगळे समजावून सांगितले आणि जावयाच्या नावाने एक तात्पुरते कार्ड करून दिले. फ्रान्समध्ये भाड्याच्या अशा बोटीसाठी परवाना लागत नाही, हे प्रशिक्षण आणि हे कार्ड पुरते. अंधार पडल्यावर चालवायचे नाही, लाल-हिरव्या खुणांच्या मधूनच जायचे आणि बंधाऱ्याच्या जवळ फिरकायचे नाही, हे तिने तीनदा बजावले. कामे वाटली गेली. जावई सुकाणूवर, मुलगी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, दोर घेऊन, मी लॉकवर आणि सौ. स्वयंपाकघरात. ही वाटणी फार दिवस टिकली नाही.

या प्रवासाला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी येथेच सांगतो. चार माणसे असली तर बरे. दोघांनी जमते, पण एकाला सतत किनाऱ्यावर उड्या माराव्या लागतात. आणि जाड हातमोजे घरूनच न्यावेत. ओल्या दोराने माझे तळवे पहिल्याच दिवशी सोलले.

मंगळवार : झडपांची गोष्ट

सकाळी धुके इतके दाट होते की समोरचा काठ दिसेना. नऊ वाजता ते पाण्यावरून उकळत्या दुधाच्या वाफेसारखे उठले आणि दहा मिनिटांत नाहीसे झाले. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि त्यांच्यामागे चुनखडीचे पांढुरके कडे. पाणी हिरवे आणि संथ, बोटीचा वेग ताशी सात-आठ किलोमीटर. सायकलवरून चाललेल्या एका शाळकरी मुलाने आम्हाला सहज मागे टाकले.

येथले बंधारे आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांसारखे नाहीत. आपण पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून नदीला वाट मोकळी करून देतो. इथला बंधारा कायमचा, दगडी आणि प्रवाहाला तिरपा घातलेला, पाणी वर्षभर त्याच्या माथ्यावरून पातळ चादरीसारखे वाहते. त्याच्या एका टोकाला लॉक म्हणजे दगडी भिंतींची तीसेक मीटर लांब आणि पाच मीटर रुंद पेटी. तिला दोन्ही टोकांना दारांची एकेक जोडी असते. दारे मिटली की प्रवाहाच्या वरच्या बाजूकडे टोक करून इंग्रजी व्ही अक्षरासारखी बसतात आणि पाण्याचा दाबच त्यांना घट्ट मिटवून ठेवतो. कुलूप नाही, खिळ नाही. हे गणित मी पुस्तकात शिकलो होतो, पण त्या दाराला पाठ लावून उभा मी प्रथमच राहत होतो.

वर जाताना क्रम असा: खालची दारे उघडी असताना बोट आत घ्यायची. खालची दारे मिटायची आणि त्यांच्यातल्या झडपाही मिटायच्या. मग वरच्या दारांतल्या झडपा हातांनी फिरवून उघडायच्या. पाणी भरते, बोट चढते, दोन्हीकडचे पाणी समपातळीत आले की वरची दारे एका माणसाच्या जोराने उघडतात.

पहिल्या लॉकमध्ये मी वरच्या झडपा उघडल्या. पाणी उसळत आले, बोट हलली आणि मीटरभर चढून थांबली. पाच मिनिटे गेली, दहा गेली. भिंतीवरच्या ओल्या शेवाळाची रेघ होती तिथेच होती. मी झडपा आणखी उघडल्या. मुलगी दोर धरून कंटाळली. जावयाने अदबीने विचारले, "बाबा, याला एवढाच वेळ लागतो का?" मी गंभीरपणे म्हणालो की पेटीचे घनफळ पाहता लागू शकतो. बंधाऱ्याच्या टोकाला गवती टोपी घातलेला एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याने बराच वेळ आमच्याकडे पाहिले. मग गळ खाली ठेवून उठला, लॉकच्या काठाशी आला आणि बोट खाली रोखून मोठ्याने काही म्हणाला. मुलीने भाषांतर केले, "बाबा, ते म्हणताहेत, खालच्या झडपा!"

आधीच्या बोटीने खालच्या झडपा अर्ध्या उघड्या सोडल्या होत्या आणि त्या तपासायचे मला सुचले नव्हते. जेवढे पाणी वरून येत होते तेवढेच खालून निघून जात होते. ज्याने उभ्या आयुष्यात चाऱ्यांवरच्या गळतीबद्दल शेकडो कालवा निरीक्षकांना कारणे दाखवा नोटिसा दिल्या, त्याने पंचवीस मिनिटे लॉत नदी लॉत नदीत ओतली. म्हातारा हसला नाही. माझ्याबरोबर चालत येऊन त्याने एक झडप स्वतः फिरवली आणि परत गळाशी जाऊन बसला. सौ.ने त्याला खिडकीतून चार बेसनाचे लाडू दिले. त्याने एक लगेच खाल्ला आणि उरलेले तीन टोपीत ठेवले.

दुपारी मेर्क्युएसच्या कड्यावरचा किल्ला दिसू लागला. पूर्वी तो काओरच्या बिशपांचा वाडा होता, आता हॉटेल आहे. नदी वळत असल्याने तो कधी उजवीकडे, कधी समोर, कधी चक्क मागे दिसे. जेवणात पिठले-भात होता. किनाऱ्याला बोट बांधून कुकर लावला, तर पहिल्या शिट्टीला शेजारच्या बोटीतले जर्मन कुटुंब बाहेर आले. त्यांना इंजिनात बिघाड झाला असे वाटले होते.

संध्याकाळी व्हालाँत्रे पुलाच्या शेजारचा लॉक पार करून काओरला लागलो. लॉकमध्ये बोट खाली असताना चोहोबाजूंनी ओल्या भिंती असतात. पाणी चढते तसा आधी काठ येतो, मग गवत, मग झाडे, आणि शेवटी पुलाचे तिन्ही बुरूज संपूर्ण उन्हात. गाडीने येणाऱ्याला हा पूल असा दिसत नाही.

बुधवार : काओर

काओर शहर नदीच्या वळणात तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले आहे. रोमन काळी त्याचे नाव दिव्होना होते, तेथील एका झऱ्याच्या देवतेवरून. तो झरा आजही पुलाजवळ, पलीकडच्या काठावर, कड्याच्या पायथ्याशी निळसर हिरव्या डोहासारखा उभा आहे आणि शहर त्याचेच पाणी पिते. सौ.ने तेथे नमस्कार केला, तो मला अगदी योग्य वाटला.

पुलाचे काम १३०८ साली सुरू झाले आणि पुरे व्हायला सत्तरेक वर्षे लागली. कामाला इतका उशीर झाला की लोकांनी त्याची कथाच रचली. गवंड्याने काम लवकर व्हावे म्हणून सैतानाशी करार केला: गवंडी सांगेल ते काम सैतानाने करायचे आणि बदल्यात गवंड्याचा आत्मा न्यायचा. पूल संपत आला तेव्हा गवंड्याने त्याला मजुरांसाठी चाळणीतून पाणी आणायला सांगितले. करार फसल्यावर चिडलेला सैतान दर रात्री येऊन मधल्या बुरुजाच्या कोपऱ्यातला एक दगड उपटून नेऊ लागला. १८७९ साली पुलाची दुरुस्ती झाली, तेव्हा वास्तुविशारद पोल गू याने त्या कोपऱ्यात दगड उपटणारा छोटा सैतान कोरून बसवला. तो खालून शोधायला आम्हाला दहा मिनिटे लागली. रखडलेल्या कामाचे खापर आपल्याकडेही कुणाकुणावर फुटते. ठेकेदार, पाऊस, निधी. सैतान हे कारण मी कधी फायलीत वाचलेले नाही. १९९८ सालापासून हा पूल स्पेनमधल्या सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रामार्गाचा भाग म्हणून जागतिक वारसायादीत आहे आणि पाठीवर पडशी घेतलेले यात्रेकरू सकाळपासून त्यावरून चाललेले असतात. त्यांची ती संथ, ठाम चाल पाहून आम्हा सगळ्यांनाच वारी आठवली.

बुधवार आणि शनिवार हे काओरच्या बाजाराचे दिवस. कॅथेड्रलच्या समोरच्या चौकात स्ट्रॉबेरी, शतावरीच्या हिरव्या-पांढऱ्या जुड्या, चेरीचे पहिले ढीग, अक्रोडाचे तेल. या भागात केशर पिकते हे मला ठाऊक नव्हते. चिमूटभर केशराची काचेची कुपी हातात घेऊन सौ.ने ती उन्हात धरली, हुंगली आणि "काश्मिरीपेक्षा रंग कमी, पण वास खरा" असा निकाल दिला. विकणाऱ्या बाईंना मुलीने निकालाचा दुसराच अर्धा भाग सांगितला. रोकामादूर नावाचे शेळीच्या दुधाचे चीज रुपयापेक्षा थोड्या मोठ्या चकत्यांच्या रूपात मिळते. शाकाहारी माणसाला येथल्या हॉटेलांत बदकाशिवाय फारसे काही दिसत नाही. अशा वेळी हेच चीज भाजून, अक्रोड घालून दिलेली कोशिंबीर मागावी.

मात्र आमचे मन जिंकले ते पास्तिस या गोड पदार्थाने. एक बाई टेबलावर कापड अंथरून त्यावर कणकेचा गोळा हातांच्या पाठीने ताणत होत्या. ताणता ताणता तो टेबलभर झाला आणि खालच्या कापडावरची फुले त्यातून दिसू लागली. मग त्यावर लोणी, साखर, सफरचंदाचे काप आणि थोडी दारू शिंपडून ते चुरगाळत, गुंडाळत त्यांनी परातीत बसवले. वर पापुद्र्यांचा चुरचुरीत ढीग, खाली मऊ फळ. सौ. म्हणाली, "चिरोटाच आहे, फक्त शिस्त नाही." दारूबद्दल तिला आम्ही खाऊन झाल्यावर सांगितले.

मासे विकणाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. दकाझव्हिलच्या बाजूला उत्तरेकडून आलेल्या सुक्या, लाकडासारख्या कडक माशाचा बटाटे घालून एक पदार्थ करतात. समुद्रापासून इतक्या दूर हा मासा पोचला तो याच नदीने. नावाडी तो नावेच्या मागे दोराने बांधून पाण्यातून ओढत आणीत, म्हणजे मुक्कामापर्यंत तो भिजून मऊ होई, असे लोक सांगतात. खरे-खोटे तो नावाडी जाणे. माझे आजोळ राजापूरचे. अर्जुना नदीच्या खाडीतून एके काळी गलबते थेट तिथल्या बंदराला लागत. पुढे गाळ साचत गेला आणि बंदर सुटले. आजी सुक्या बोंबलांचा डबा उघडताना बंदराचे दिवस काढायची. काओरच्या बाजारात तो डबा आठवेल असे वाटले नव्हते.

दुपारी निघून कोती लॉक ओलांडला आणि संध्याकाळी लारोक-दे-झार्कला बोट बांधली. पाण्याच्या अगदी काठाला एका खडकावर जुना पहाऱ्याचा बुरूज आहे, वर कड्यावर चिमुकले चॅपेल. गावाच्या नावातल्या कमानी रोमन जलवाहिनीच्या. ती वेर गावाकडून दिव्होनाला पाणी आणीत असे.

गुरुवार : वेर आणि बुझिएस

हवा सकाळपासूनच कुंद होती. एकामागून एक लॉक झाले आणि आता आम्ही चौघे न बोलता काम करू लागलो होतो. मुलगी झडपांवर गेली, मी दोर धरू लागलो, सौ.ला सुकाणू आवडल्याचे उघड झाले. लॉकमध्ये शिरताना जावयाची बोट दर वेळी एका भिंतीला घासे. सौ.ने ती दोन्ही भिंतींच्या बरोबर मधून नेली. विचारल्यावर म्हणाली की कसबा पेठेतून स्कूटर नेण्यापेक्षा हे सोपे आहे.

वेरच्या जवळ काठावर बाराव्या शतकातले एक साधे चॅपेल आहे. त्याला 'शिडांची माता' म्हणतात, नावाड्यांची श्रद्धा तिच्यावर असे. इथली नदी पाहता नावाड्यांना देव का लागत असेल हे कळते. लॉक होण्याआधी गिरण्यांच्या बंधाऱ्यांत ठेवलेल्या अरुंद वाटेतून नाव पाण्याच्या लोंढ्याबरोबर खाली सोडून द्यावी लागे. चुकले तर नाव, माल आणि माणूस तिन्ही गेले.

बुझिएसला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. समोरच्या उभ्या कड्याच्या पोटात एक दगडी भिंत बांधून केलेला किल्ला आहे, त्याला 'इंग्रजांचा किल्ला' म्हणतात. सहा वाजता वारा पडला. साडेसहाला कड्याच्या मागून आभाळ काळे होऊन आले आणि मग जो पाऊस कोसळला तो थेट आपल्या जूनमधला. गाराही पडल्या. बोटीच्या छतावर दोन तास ताशा वाजत होता. पावसाची काळजी कुणालाच नव्हती. आम्ही भजी तळली.

शुक्रवार : बोट बंद

सकाळी खिडकी उघडली तर हिरवी नदी गेलेली आणि तिच्या जागी चहाच्या रंगाची दुसरीच वाहत होती. फांद्या, गवताचे पुंजके, एक प्लॅस्टिकची खुर्ची. पाणी काल बांधलेल्या खुंटापासून हातभर चढले होते आणि दोर ताणले गेले होते. वरच्या डोंगरात आमच्यापेक्षाही मोठा पाऊस झाला होता. आठ वाजता फोन आला: विसर्ग वाढल्याने आज नौकानयन बंद, बोट हलवू नका, दोर दर दोन तासांनी पाहा. मी मुलीला विसर्ग किती आहे हे विचारायला लावले. तिकडच्या माणसाने "पुष्कळ" असे उत्तर दिले.

येथे जाणाऱ्याने ही शक्यता धरूनच दिवस आखावेत. वसंतात आणि वादळानंतर नदी एक-दोन दिवस बंद राहू शकते. परतीचे विमान किंवा गाडी बोटीच्या शेवटच्या दिवशीच ठरवू नये. बुझिएसला अडकलात तर सेले नदीच्या खोऱ्यात पेश मेर्लची गुहा जवळ आहे. १९२२ साली दोन मुलांनी ती शोधली आणि तिच्या भिंतीवर ठिपक्यांचे घोडे आहेत. पण रोज ठराविक लोकांनाच आत सोडतात, म्हणून तिकीट आधी काढावे. आम्ही काढले नव्हते.

सँ-सीर-लापोपी हे आमच्या प्रवासाचे मुख्य ठिकाण नदीने वरच्या अंगाला काही किलोमीटरवर होते. बोट जाणार नव्हती, म्हणून पायी निघालो. बुझिएसमधून जी वाट जाते ती नावा ओढायची जुनी वाट. पूर्वी प्रवाहाच्या उलट येणाऱ्या नावा काठावरून दोराने ओढून आणीत. गानिलपाशी कडा थेट पाण्यात उतरतो, काठच नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात माणसांनी कड्याच्या पोटात खाच खोदून वाट काढली. डोक्यावर खडकाचे छत, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला पाणी. छिन्नीचे घाव अजून स्पष्ट दिसतात. ते सगळे एकाच दिशेने तिरपे आहेत, कारण खोदणाऱ्याला उभे राहायची सोय एकाच अंगाने होती. एका ठिकाणी दान्येल मोनिये या शिल्पकाराने खडकात मासे आणि शिंपले कोरले आहेत. लोक तिथे फोटो काढतात. मी बराच वेळ छिन्नीच्या घावांवर हात ठेवून होतो. लेणी पाहताना जसा हात आपोआप जातो, तसाच.

त्या छताखाली गढूळ पाण्याचा आवाज घुमत होता. शेजारीच गानिलचा लॉक, त्याच्या दारांवरून पाणी सांडत होते. आज आम्ही त्यातून जाणार होतो.

सँ-सीर हे कड्याच्या टोकावर घरे रचल्यासारखे गाव आहे. चढ इतका की सौ.ने तीनदा बसून घेतले. गर्दी बरीच होती आणि प्रत्येक दुसऱ्या घरात काहीतरी विकत होते. याच गावात पूर्वी लाकूडकातारी राहत आणि वाइनच्या पिंपांना लागणाऱ्या लाकडी तोट्या करीत. दुएलची फळी, सँ-सीरची तोटी, काओरची वाइन आणि सगळे वाहून नेणारी नदी. एकेकट्याने पाहिले तर गावे, पण एका धंद्याचे भाग. गाडीने आलो असतो तर हे मला सुचले नसते. तोटी करणाऱ्यांपैकी आता फारसे कोणी उरलेले नाही, पण एका कातकामाच्या दुकानातून मी एक लाकडी भोवरा घेतला. वरच्या टोकावरून खाली पाहिले तर नदी तपकिरी पट्ट्यासारखी आणि तिच्यावर एकही बोट नाही.

शनिवार : गानिल

सकाळी पाणी वीतभर उतरले होते आणि रंग चहातून कॉफीत न जाता परत हिरव्याकडे झुकत होता. दहा वाजता परवानगी आली. बोट बुझिएसलाच परत द्यायची होती, ती दुपारी तीनला. म्हणून गानिलचा लॉक चढून सँ-सीरच्या खालपर्यंत जायचे आणि वळून यायचे, एवढे ठरले.

कालची वाट आता पाण्यातून पाहिली. खडकातली ती खाच बोटीतून फार ठेंगणी दिसते. एक तरुण तिच्यातून वाकून चालला होता. सँ-सीरच्या खाली इंजिन बंद करून आम्ही अर्धा तास नुसते थांबलो. वर गावातली कालची गर्दी असणार, खाली काहीच ऐकू येत नव्हते.

परतताना आम्ही गानिलच्या लॉकमध्ये शिरलो तेव्हा खालच्या दाराबाहेर एक जुनी बोट वर यायला थांबली होती. त्यावर सत्तरीच्या पुढचे एक डच जोडपे. आम्ही उतरून बाहेर पडलो, ते आत शिरले. मी काठावरच होतो. लॉकमधले पाणी संथपणे चढू लागले आणि मला चढण्याचा वेग कमी वाटला. मंगळवारचा तो म्हातारा डोळ्यांपुढे आला. मी तत्परतेने त्यांच्याकडे चालत गेलो, आणि या सहा दिवसांत घोकून ठेवलेले फ्रेंच शब्द बोट खाली रोखून मोठ्याने म्हणालो. डच आजोबांनी माझ्याकडे पाहिले, नम्रपणे मान हलवली आणि मला खालच्या दाराशी घेऊन गेले.

झडपा दोन्ही घट्ट बंद होत्या. ते म्हणाले की ते येथे बऱ्याच वर्षांपासून येतात आणि हा लॉक हळूच भरतो.